हवा आहे : अर्धा तास अंधार

माझी तक्रार अंधाराबद्दल आहे. आमच्या घरात तो मिळत नाही.

घरच्या घरी पोर्ट्रेट काढणाऱ्या कुणालाही विचारा. सुरुवातीला माणूस उजेडाच्या मागे असतो. कुठला लाइट घ्यावा, किती वॉटचा, सॉफ्टबॉक्स बरा की छत्री. हे सगळं पैसे मोजले की घरपोच येतं. मग हळूहळू लक्षात येतं की चेहऱ्याला घडण देते ती सावली. गालाचं हाड, हनुवटीची कड, डोळ्यांची खोबण, कपाळावरची आठी, सगळं सावलीमुळे दिसतं. आणि आपल्याला हवी तिथे सावली पाडायची, तर आधी खोली काळोखी लागते. तो काळोख कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

आमचा हॉल १० बाय १४चा. सोफा भिंतीला लावला आणि टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला की त्याचा स्टुडिओ होतो. दिवसा पडदे ओढून, त्यावर दुहेरी चादर टाकली तरी सरकत्या खिडकीच्या कडेने उन्हाची एक पट्टी आत येतेच, आणि ती नेमकी बसलेल्या माणसाच्या कानावर पडते. रात्री खिडकीचा त्रास नाही, पण घरातली यंत्रं जागी असतात. सेट-टॉप बॉक्सचा लाल ठिपका, राउटरचे लुकलुकणारे हिरवे, इन्व्हर्टरचा पिवळा, पाण्याच्या फिल्टरचा निळा. एरवी हे डोळ्यांत भरत नाहीत. कॅमेऱ्याचं शटर दोन सेकंद उघडं ठेवून टॉर्चने चेहरा रंगवायला घेतला, की हे सगळे ठिपके मागच्या काळ्या पडद्यावर हजेरी लावतात. मी त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावते. घरातलं कुणीतरी ती काढतं, कारण फिल्टर चालू आहे की बंद ते कळत नाही. हे आमच्याकडे कित्येक महिने चाललं आहे.

पुढची तक्रार भिंतींची. आमच्या भिंती फिकट पिस्ता रंगाच्या आहेत. रंग निवडताना सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली, खोली उजळ दिसेल ना. ती दिसते. लाइट डावीकडून मारला तर उजवीकडची भिंत तो परत फेकते आणि मी मुद्दाम काळा ठेवलेला गाल उजळवून टाकते, तोही हिरवट छटेने. वर साडेनऊ फुटांवर पांढरं छत आहे, ते डोळ्यांखालची सावली भरून काढतं. फ्लॅश वापरला तर खोलीतली ट्यूब पुसून टाकता येते. शटर एक दोनशांश सेकंद, छिद्र एफ ८, आयएसओ १०० ठेवलं की चालू ट्यूबसुद्धा फोटोत उरत नाही. भिंत मात्र पुसता येत नाही, कारण ती फ्लॅशचाच उजेड परत पाठवते.

त्यावर उपाय दोन. पहिला अंतराचा. लाइटपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा उरतो. लाइट चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणला आणि मागची भिंत त्या लाइटपासून आठ फुटांवर असली, तर पिस्ता रंगाची भिंतसुद्धा जवळजवळ काळी येते. त्यासाठी माणसाला खोलीच्या मधोमध बसवावं लागतं. आणि मधोमध आमच्याकडे डायनिंग टेबल आहे, ते हलवू नये असा घरात ठराव आहे.

दुसरा उपाय घोंगडी. सावलीतल्या गालापासून वीतभर अंतरावर काळी घोंगडी उभी धरली, की भिंतीवरून येणारा उजेड ती गिळून टाकते आणि सावली होती तशी राहते. काळं सॅटिन चालत नाही, ते चमकतं. काळा कार्डबोर्डही तिरप्या उजेडात राखाडी पडतो. मेंढीच्या काळ्या लोकरीची खरखरीत घोंगडी उजेड धरून ठेवते. सिनेमाच्या सेटवर याच कामासाठी काळ्या कापडाच्या चौकटी असतात, त्यांना कटर म्हणतात, आणि ते धरायला माणसं असतात. आमच्या घरात घोंगडी धरायला कुणी मोकळं नसतं. ती मी कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाकते. मग त्या स्टँडवर ओले टॉवेल येतात.

आता मुख्य गोष्ट. दिवसा खिडकी आड येते, रात्री साडेनऊनंतर बसायला कुणी तयार नसतं. राहते ती संध्याकाळ. माणसं कामावरून घरी आलेली असतात, बाहेरचा उजेड आपणहून गेलेला असतो, चहा झालेला असतो. पोर्ट्रेटसाठी आमच्या घरात याहून चांगली वेळ नाही. आणि दिवसातल्या याच वेळी घर अंधारात ठेवायचं नाही. सासूबाई देवापाशी समई लावतात आणि मग खोलीखोलीतून फिरत ट्यूब लावत जातात. "अगं, दिवेलागणीला काळोख करून बसू नये," असं त्या म्हणतात. "आई, पाचच मिनिटं," असं मी म्हणते. ट्यूब लागते.

त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच ही तक्रार मला महत्त्वाची वाटते. समईच्या ज्योतीचा रंग साधारण १९०० केल्विन, म्हणजे गडद केशरी. आमच्या ट्यूबचा ६५००, म्हणजे निळसर पांढरा. दोन्ही एकाच वेळी जळत असतील तर ज्योत फक्त ठिपका म्हणून उरते, तिचा उजेड कुणाच्याही चेहऱ्यावर पोचत नाही. सासूबाई हात जोडून समईपुढे उभ्या राहतात तेव्हा त्यांच्या हनुवटीखालून वर चढणारा तो केशरी उजेड मला टिपायचा आहे. ज्या घरांत वीज नव्हती तिथे देवापुढचे चेहरे रोज तसे दिसत होते. तो उजेड दिसण्यासाठी ट्यूब बंद हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

मला स्वयंपाकघरही लागतं. चेहऱ्यावर नक्षीदार सावली पाडायची तर भोकांची वस्तू लागते. मोदकपात्रातली जाळी, पुरणयंत्राची ताटली, सोऱ्याच्या चकत्या, गव्हाची चाळण, या सगळ्यांची सावली सुरेख पडते. सावली रेखीव हवी तर दिवा लहान आणि लांब हवा, जाळी चेहऱ्याच्या जवळ हवी. म्हणून मी छोटा टॉर्च थेट बेडरूमच्या दारात ठेवते, म्हणजे अठरा फूट तरी मिळतात. त्या वाटेने मग घरातला प्रत्येक माणूस पाणी प्यायला जातो आणि जाताना पॅसेजमधला बल्ब लावतो. तो बल्ब २७०० केल्विनचा, म्हणजे टॉर्चपेक्षा पिवळा. कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स एकच ठरवता येतो, त्यामुळे एक गाल निळा आणि दुसरा हळद लावल्यासारखा येतो. बल्ब स्वस्तातला एलईडी असेल तर आणखी भर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो, आणि शटर वेगवान असलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

पंख्याबद्दल थोडक्यात सांगते. मे महिन्यात पंखा बंद केला तर समोरचा माणूस घामाने चमकतो आणि चालू ठेवला तर केस उडतात, पडदा हलतो, छत्री लावलेला स्टँड डोलतो. यावर उपाय नाही.

या सगळ्यांतून फोटो निघतो. एका बाजूने उजेड, दुसऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण, बाकी सावली. या रचनेला जगभर रेम्ब्रांटचं नाव आहे. सतराव्या शतकातल्या त्या डच चित्रकाराने माणसांचे चेहरे असे रंगवले. आत्या स्वतःचा फोटो पाहतात आणि म्हणतात, "अगं, अर्धं तोंड काळंच आलंय की." शेजारच्या काकू विचारतात, "फ्लॅश उडाला नाही का?"

त्याच खोलीत, याच मंडळींच्या डोक्यावर, पणजोबांचा फोटो टांगलेला आहे. पगडी, मिशा आणि अर्धा चेहरा गडद सावलीत. जुने स्टुडिओ काचेच्या मोठ्या खिडकीतून एका बाजूने येणाऱ्या उजेडात फोटो काढत, त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू आपोआप सावलीत जाई. दरवर्षी त्या फोटोला हार घातला जातो. पणजोबांचं तोंड काळं आलंय असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, काय करारी माणूस होता! तो करारीपणा सावलीत आहे, हे मला सगळ्यांना सांगायचं आहे.

आपल्या देशात हे फार चांगलं समजणारी माणसं होऊन गेली. सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो'साठी, १९५६ साली, स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर मारून खाली येणारा मऊ उजेड वापरला. व्ही. के. मूर्तींनी १९५९च्या 'कागज के फूल'मध्ये आरशांनी ऊन आत घेतलं आणि काळोख्या स्टुडिओत उजेडाचा एक तिरपा झोत उभा केला. तो झोत दिसतो कारण भोवती काळोख आहे. त्या काळोखाला कुणी दोष दिला नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र फोटो काढून झाल्यावरची आहे. मी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकते. पाच मिनिटांत कुणीतरी तो फोनमध्ये 'ब्राइट' करून परत टाकतं. सावली गेलेली असते, आत्यांच्या सावळ्या वर्णाचा पीठ लावल्यासारखा पांढरट रंग झालेला असतो, आणि खाली पाच-सहा जणांचे अंगठे असतात. लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला येणाऱ्या मुलीही उजेड वाढवायला सांगतात, आणि त्यांना काय म्हणायचं आहे ते मला कळतं. हा हट्ट आपल्याकडेच आहे असंही नाही. कोडॅकची रंगीत छपाई कित्येक वर्षं 'शर्ली कार्ड' नावाच्या नमुन्यावरून जुळवली जात होती, आणि त्या कार्डावर गोरी बाई असे. गोऱ्या कातडीवर बेतलेला उजेड सगळ्यांवर ओतण्याची सवय जुनी आहे. सावळ्या कातडीचं सौंदर्य तिच्या झळाळीत असतं. मोठ्या, मऊ दिव्याचं प्रतिबिंब कपाळावर, गालाच्या हाडावर रेशमासारखं सरकतं, आणि ते दिसायला आजूबाजूचा रंग गडदच राहावा लागतो. उजळवलं की सगळं सपाट होतं. आत्या देखण्या आहेत. त्या फोटोत दिसतात तशाच देखण्या आहेत, आणि हे त्यांना पटलेलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून घरातल्या आणि ओळखीतल्या सर्वांना विनंती. समई लागल्यावर अर्धा तास हॉलची ट्यूब लावू नका. राउटरवरची पट्टी काढू नका. घोंगडीवर टॉवेल टाकू नका. पॅसेजमधून जाताना बल्ब लावायचा असेल तर आधी हाक मारा. आणि कुणाचा चेहरा उजळ करावासा वाटला, तर बोट लावण्याआधी तो फोटो हातभर लांब धरून मिनिटभर बघा. तरीही खटकला तर मला फोन करा, मी लाइट वेगळा लावून पुन्हा काढून देईन. पण त्या माणसाला आपण आहोत त्याहून गोरं असायला हवं होतं, असं सुचवणारा फोटो माझ्या नावाने पुढे पाठवू नका.