मार्जिनराव

डेट्रॉईटच्या आसपास नोव्हाय, कँटन, ट्रॉय अशी जी मराठी वस्ती पसरली आहे, तिथे कुठल्याही घरी जेवायला जा. पुरुषमंडळींच्या घोळक्यात एक गृहस्थ हमखास भेटतात. विषय घरकर्जाच्या व्याजाचा असो, विमानतळावर निघायच्या वेळेचा असो, नाहीतर श्रीखंडातल्या साखरेचा, हे सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी एकच प्रश्न टाकतात, "ते ठीक आहे, पण मार्जिन किती ठेवलंय?" आईवडिलांनी बारशाला कानात काहीही सांगितलेलं असो, मंडळात ते मार्जिनराव.

वय पन्नाशीच्या अल्याड-पल्याड. शिक्षण मेकॅनिकल. नोकरी मोटारींच्या धंद्यात, नाहीतर त्या धंद्याला नट-बोल्ट पुरवणाऱ्या धंद्यात. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायचा गेज. यंत्राचं वजन ते पौंडात सांगतात, माणसाचं किलोत आणि सोन्याचं तोळ्यात, आणि तिन्हींत शेवटी वीस टक्के वाढवतात. हे वीस टक्के त्यांच्याकडे वारशाने आलेले आहेत. घरात खाणारी पाच तोंडं असली तरी त्यांची आई सहा जणांचा भात टाकायची. न जाणो, कोणी आलं तर! आईने तांदळाबाबत जे केलं, तेच चिरंजीव अश्वशक्तीबाबत करतात.

अशा माणसाला मिशिगनमध्ये बोट घ्यावीशी वाटली नाही तरच नवल. या राज्यात अकरा हजारांवर तळी आहेत. कुठेही उभे राहा, सहा मैलांच्या आत पाणी लागतंच, असं इथले लोक छाती फुगवून सांगतात. मार्जिनरावांनी वापरलेली, बावीस फुटी, पुढच्या टोकालाही बसायला जागा असलेली बोट हेरली. जाहिरातीत तिचं वजन अर्थातच कमी लिहिलेलं होतं, कारण जाहिरातीतल्या बोटीत पेट्रोल नसतं, बॅटरी नसते, नांगर नसतो आणि खाली ट्रेलरही नसतो. मार्जिनराव असल्या 'ड्राय वेट'ला फसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी पेट्रोल गॅलनला सहा पौंड धरलं, ट्रेलर धरला, लाइफ जॅकेटं धरली आणि साडेपाच हजार पौंडांवर आकडा आणला.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं. पुढे मार्जिन सुरू झालं. वीस टक्क्यांनी साडेपाचाचे सहा हजार सहाशे झाले. हिशेबाला सोपं पडावं म्हणून सात हजार. हायवेवर समोरून वारा असतो, म्हणून आठ. आणि पुढेमागे मोठी बोट घ्यावीशी वाटली तर? दहा! शेजारचा गोरा म्हातारा कुंपणापलीकडून सांगत होता, की एवढी बोट माझी जुनी एसयूव्हीसुद्धा ओढेल, हवी तर घेऊन जा. मार्जिनरावांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आपल्याकडे मुंजीत बिनसोवळ्याने शिरलेल्याकडे पाहतात.

मग बोट ओढणारा ट्रक निवडायला एक्सेल उघडलं. कुठल्याही मार्जिनरावाचं खरं सुख ट्रकमध्ये नसतं, या एक्सेलमध्ये असतं. त्यात इंजिनांच्या ओळी, गिअरबॉक्सच्या ओळी, मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.५५ की ३.७३ याची स्वतंत्र ओळ. हौदा साडेपाच फुटी की साडेसहा फुटी? लांब हौद्याने व्हीलबेस वाढतो, ट्रेलर मागून ट्रकला हलवत नाही. पण मग ट्रक गॅरेजमध्ये मावत नाही. यावर त्यांनी गॅरेज वाढवण्याचा खर्च काढून ठेवला. ट्रेलर ज्या गोळ्यावर बसतो तो बॉल सहसा तीन मापांचा मिळतो : पावणेदोन इंचाहून सूतभर मोठा, दोन इंची आणि सव्वादोनहून अर्धा सूत मोठा. त्यांच्या ट्रेलरला दोन इंची लागतो. त्यांनी तिन्ही आणले. ट्रक अजून यायचा होता.

पण डेट्रॉईटमध्ये ट्रक निवडणं ही निव्वळ यंत्राची बाब नसते, ती सोयरीक-भाऊबंदकीची बाब असते. मंडळाचे अध्यक्ष डिअरबॉर्नला फोर्डमध्ये, खजिनदार जनरल मोटर्समध्ये, आणि नाट्यविभाग ऑबर्न हिल्सला, म्हणजे पूर्वीच्या क्रायस्लरमध्ये. तिघांकडेही ओळखीच्या माणसाला सवलतीत गाडी मिळवून देणारा कोड. मार्जिनरावांनी तिघांकडेही जेवण घेतलं. अध्यक्षांनी थालीपीठ वाढता वाढता सांगितलं, की १९७७ पासून अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपणारा पिकअप आमच्या एफ-मालिकेचा आहे आणि २०१५ पासून आमची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. खजिनदारांनी अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांबद्दल एकच वाक्य उच्चारलं आणि सिल्व्हराडोचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. नाट्यविभागाने रॅमच्या हेमी इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवला; तो इतका हुबेहूब होता, की वरच्या मजल्यावर झोपलेलं मूल उठलं.

अशात एका तरुणाने "काका, टुंड्रा का नाही बघत?" असं विचारून दिवाणखान्यात शांतता पसरवली. टुंड्रा टोयोटाची. ती टेक्सासात सॅन अँटोनियोला बनते, म्हणजे अमेरिकनच. पण डेट्रॉईटला हा मुद्दा मोठ्याने मांडायचा नसतो. तरुणाला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याने ऑक्टोबर २०१२ काढला. लॉस एंजेलिसमध्ये एंडेव्हर हे स्पेस शटल रस्त्याने संग्रहालयात नेत होते, तेव्हा ४०५ हायवेवरच्या पुलापलीकडे ते टुंड्राने ओढून नेलं. अध्यक्षांनी लगेच २०१९ काढला : आमच्या विजेवरच्या एफ-१५० च्या नमुन्याने दहा लाख पौंडांहून जड रेल्वेचे डबे ओढले होते. मार्जिनराव दोन्ही गोष्टी वहीत टिपत होते. वहिनी, म्हणजे सौ. मार्जिनराव, भाजी वाढायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "तुमच्या बोटीला यातलं काय लागणार आहे?"

"काहीच नाही," मार्जिनराव म्हणाले. "पण मार्जिन बघा ना!"

त्यानंतर काही आठवडे त्यांच्या बोलण्यात डेव्हिस डॅम येऊ लागला. ट्रक किती ओढतो हे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मगदुराप्रमाणे सांगायची. मग एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे २८०७ नावाची एकच कसोटी बसवली. २०११ च्या गाड्यांपासून टोयोटाने ती आधी पाळली, बाकीचे मागाहून आले. या कसोटीत ओझं जोडलेला ट्रक अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटात, भर उन्हाळ्याच्या उष्णतेत, एसी पूर्ण चालू ठेवून चढवायचा. मार्जिनराव हा घाट असा रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. त्यांचं घर आणि तळं यांमधला रस्ता सपाट आहे आणि वाटेत चढ असा एकच, बँकेच्या आवारातला स्पीडब्रेकर.

शेवटी ट्रक आला. कुठल्या कंपनीचा ते इथे लिहीत नाही. मंडळात यंदा निवडणूक आहे. अकरा हजार पौंड ओढणारा, चार दारी, चारही चाकं फिरवणारा, छताला काच, गाद्यांना चामडं, उन्हाळ्यात बसणाऱ्याच्या पाठीला गार वारा. सगळे पर्याय घेतलेला. कारण विकताना मार्जिन मिळतं. ट्रेलर मागे नेताना ट्रेलरचं तोंड उलटीकडे वळतं म्हणून नवशिक्यांची भंबेरी उडते, त्यासाठी त्यांनी रविवारी रिकाम्या ऑफिसच्या आवारात सराव सुरू केला. शेजारी वहिनी पुस्तिका वाचून दाखवायला. मार्जिनराव स्टेअरिंग फिरवायच्या आधी कोनाचा हिशेब करत, आणि हिशेब होईपर्यंत ट्रेलर आडवा झालेला असे. "स्टेअरिंग खालून धरा आणि जिकडे ट्रेलर न्यायचाय तिकडे हात न्या, एवढंच लिहिलंय," वहिनी सांगत. एवढंच लिहिलेल्या गोष्टींवर मार्जिनरावांचा विश्वास नसतो.

जूनमध्ये पुण्याहून आत्या आणि आतोबा आले. आतोबांनी ट्रकभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "एवढं धूड कशाला? आपल्याकडची ती हायलक्स नाही का मिळत इथे?" झालं! मार्जिनरावांनी त्यांना १९६३ सालात नेलं. युरोपाने अमेरिकन कोंबड्यांवर कर बसवला, म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी परदेशी हलक्या ट्रकवर पंचवीस टक्के बसवला. कोंबड्यांचं भांडण इतिहासजमा झालं, ट्रकवरचा कर राहिला. म्हणून इकडे ट्रक इथेच बनवायचे आणि मोठेच बनवायचे. आतोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. एकाचा राग दुसऱ्यावर काढून तो आदेश कायम ठेवण्याची पद्धत त्यांना लगेच समजली.

तळ्यावर जायचा शनिवार ठरला. शुक्रवारी रात्री मार्जिनरावांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या खांबावरचा पिवळा कागद प्रथमच नीट वाचला. ट्रक मागे किती ओढतो हा एक आकडा. ट्रक स्वतःच्या अंगावर किती घेतो हा दुसरा. सगळं जग पहिला बघून ट्रक घेतं आणि दुसरा घरी आल्यावर वाचतं. कागदावर लिहिलं होतं : माणसं आणि सामान मिळून १,४५० पौंडांहून जास्त नको. काचेचं छत, चामडं, गार वारा या सगळ्यांनी आपापला वाटा आधीच उचललेला होता.

मार्जिनराव स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. ट्रेलरचं नाक बॉलवर जे दाबतं ते टंग वेट. बोटीच्या दहा टक्के धरू, साडेपाचशे. उरले नऊशे. बॉल जिच्यावर बसतो ती पोलादी दांडी पस्तीस, हौद्यावरचं झाकण पंचाहत्तर. उरले सातशे नव्वद. पुलाव, काकडीची कोशिंबीर आणि बर्फ भरलेला कूलर बोटीत टाकू, म्हणजे त्याचा फक्त दहावा हिस्सा नाकावर येईल : दहा पौंड. उरले सातशे ऐंशी. आता माणसं.

इथे प्रश्न नाजूक झाला. परदेशी राहणाऱ्या मराठी घरात वजनकाटा असतोच, तो बॅगा तेवीस किलोंत बसवण्यासाठी. मार्जिनराव तो काटा घेऊन दिवाणखान्यात आले आणि आत्यांना म्हणाले, "आत्या, जरा यावर उभी राहतेस?"

"मेल्या, आम्ही आलो नाही तोच परत जायचं वजन करतोस होय?" आत्या म्हणाल्या. पण भाच्याचा चेहरा बघून चढल्या. काट्याने किलो दाखवले, मार्जिनरावांनी पौंड केले : दीडशे. आतोबा एकशेसत्तर, मार्जिनरावांचे चिरंजीव एकशेऐंशी, वहिनी एकशेचाळीस. स्वतः मार्जिनराव दोनशेदहा. एकूण साडेआठशे. सत्तर पौंड जास्त!

अकरा हजार पौंड ओढणारा ट्रक सत्तर पौंडांपायी अंगणात उभा. मार्जिनरावांनी उपाय शोधले. झाकण काढलं तरी पाच पौंड मार्जिन; ते त्यांच्या तत्त्वात बसेना. आतोबांनी वाटेत चालत येण्याची तयारी दाखवली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, सत्तर पौंडांनी काही होत नाही, सगळे असंच नेतात." त्यावर जो कटाक्ष आला, त्याने चिरंजीव वर निघून गेले.

वहिनींनी कागद ओढून घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग दोनशेदहावर काट मारली.

"तुम्ही मागून आपल्या छोट्या गाडीतून या," त्या म्हणाल्या. "म्हणजे सत्तर जास्त होते ते जाऊन एकशेचाळीस उरतात. अजून एक मी मावते."

"पण चालवणार कोण?"

"ती पुस्तिका मीच वाचलीय."

शनिवारी मिरवणूक तशीच निघाली. पुढे ट्रक, त्यात वहिनी, शेजारी आत्या, मागे आतोबा आणि चिरंजीव; त्यामागे बोट; बोटीमागे छोट्या गाडीत मार्जिनराव, हवेचा गेज, तिन्ही बॉल आणि ड्रेन प्लगचे चार जादा नग. मिशिगनच्या कायद्याने बोट रस्त्याने नेताना तळाचा प्लग काढलेला असावा लागतो, एका तळ्यातले शिंपले-शेवाळ दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. आणि पाण्यात सोडण्याआधी तो आठवणीने लावावा लागतो. प्रत्येक सिग्नलला मार्जिनराव फोन करून विचारत होते, "प्लग कुठेय?" आत्या उत्तर देत होत्या, "माझ्या पर्समध्ये, गोळ्यांच्या डबीशेजारी."

तळ्यावर वहिनींनी उताराच्या बाजूला थांबून दोऱ्या सोडल्या, प्लग लावला आणि स्टेअरिंग खालून धरून ट्रेलर एका दमात पाण्यात नेला. रांगेतल्या दोन दाढीवाल्या गोऱ्यांनी टोप्यांना हात लावला. मार्जिनराव मागून "थोडं डावीकडे!" असं ओरडणार होते, पण ओरडायला वेळच उरला नाही.

तेव्हापासून मंडळात कोणी ट्रक घ्यायचा म्हटलं, की आधी मार्जिनरावांकडे येतं. ते पिवळ्या कागदाची गोष्ट सांगतात, टंग वेट समजावतात, वजनकाटा उसना देतात आणि शेवटी अभिमानाने म्हणतात, की सगळी माणसं नेऊनसुद्धा आमच्याकडे एकशेचाळीस पौंड मार्जिन राहतं.

"एवढं कसं काय जमवलंत?" समोरचा विचारतो.

"सोपं आहे," मार्जिनराव म्हणतात. "ड्रायव्हर हलका घेतला."