शब्दाखातर

मे महिना उतरणीला लागला की पेणमधल्या रामवाडीच्या एसटी स्थानकावरून, मुंबई-गोवा महामार्गानं, घरं जाताना दिसतात. कुणाची बदली झालेली, कुणाच्या मुलानं पुण्यात फ्लॅट घेतलेला, कुणी थेट बंगळुरूला. टेम्पोच्या टपावर उलट्या खुर्च्या, फळीला दोरीनं आवळलेली गादी आणि त्या गादीआड एक अशी वस्तू, जी न्यायची नाही यावर अख्ख्या घराचं एकमत झालं होतं. तरी ती चढलीच.

कशी चढली? घर हलवताना वही-पेन घेऊन याद्या होतात, ‘लागेल’, ‘लागणार नाही’ असे रकाने पडतात, ते सगळं वरवरचं. ज्याचा घरात शब्द चालतो त्याची वस्तू टेम्पोत जाते. ज्याचा चालत नाही त्याची वस्तू अडगळ ठरते.

आजीचा पाटा-वरवंटा घ्या. अजून त्यावर रविवारचं वाटण होतं. पण ‘एवढा धोंडा कोण उचलणार?’ या एका वाक्यात तो मागच्या पडवीत राहतो. हे वाक्य बोलणाऱ्या चिरंजीवांची ट्रेडमिल मात्र फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चौघे हमाल उचलतात. तिच्यावर चिरंजीव कमी आणि टॉवेल जास्त असतात. वजनाचा मुद्दा तेव्हा कुणालाच आठवत नाही.

आहेरातला लेमन सेट हा तर स्वतंत्र अध्याय. तो कुणी दिला ते आठवत नाही, त्यातून लेमन कुणी प्यायलेलं नाही. पण टाकायला काढला की सासूबाई विचारतात, ‘माझ्या माहेरचा ना गं तो?’ झालं. आता त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यावर ‘काच आहे, जपून’ असं लिहून न्यायचं. पेणचे गणपती खोक्यांत बसून समुद्रापार परदेशात पोचतात, सोंड शाबूत. आपल्या सेटचे सहाचे चार व्हायला खारपाडा पूलही पुरतो.

या सगळ्यात एकच तटस्थ माणूस असतो आणि तो माणूस नसतो: वजनकाटा. रेल्वे स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो सामान फुकट नेऊ देते, मग ते कुणाच्या माहेरचं का असेना. विमान तर त्याहून निष्ठुर. लेक परदेशी निघाली की रायगडातलं घर तिच्या बॅगेत निम्मा जिल्हा कोंबू पाहतं: कडवे वाल, पोहे, पापड, लोणचं आणि वर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. खोबरं निघतं बाहेर. तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून मालवाहतुकीच्या भाषेत त्याची गणना धोक्याच्या मालात आणि विमान कंपन्यांच्या यादीत मनाई. दुबईला निघालेल्या बॅगेतून खसखसही काढा, तिकडे ती अमली पदार्थांच्या पंगतीला बसते. अमेरिकेला मिक्सर नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथली वीज 120 व्होल्टची, आपला मिक्सर 230 चा. तिथे तो चटणी वाटणार नाही, फक्त आईच्या आग्रहाची आठवण देत ओट्यावर बसेल. पण नेला नाही तर आई फोनवर विचारणार. म्हणून नेला जातो.

सरकारचंही घर असंच चालतं. 1953 च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचा शब्द दिला गेला. तेव्हापासून नाही, पण राज्य झाल्यापासून मंत्रालय बहुतेक हिवाळ्यांत आपला संसार ट्रकांत भरून आठशेवर किलोमीटर नेतं आणि परत आणतं. त्यातल्या किती गठ्ठ्यांच्या गाठी नागपुरात सुटतात, हे विचारू नये. सेट कुणी वापरतं का, असं आपण तरी कुठे विचारतो?

घरात एकाचाच शब्द चालला की काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवायचं ठरवलं. दरबार निघाला, उमराव निघाले, काही वर्षांनी सगळं पुन्हा दिल्लीकडे. घरातलं कुणी ‘अहो, जरा थांबा’ म्हणालं असेलही. त्या बाईंचं नाव इतिहासात नाही.

आणि एक शब्द असा, ज्याच्याखातर टेम्पो हलतच नाही. याच पेण तालुक्यात बाळगंगा धरणासाठी गावांना उठायला सांगितलं गेलं. कायद्याच्या भाषेत नव्या गावठाणात 18 नागरी सुविधा मिळायच्या असतात: रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमीसुद्धा. धरणाची भिंत आधी आली, पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडलं. आपण लेमन सेटवरून भांडतो, कारण कुठे जायचं हे आपल्याला ठाऊक असतं. तिथल्या माणसांनी काय बांधायचं आणि कुठल्या पत्त्यावर? त्यांची यादी दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर पडून आहे.

तर ज्यांना पत्ता आणि टेम्पो दोन्ही मिळालेत, त्यांच्यासाठी फुकटचा सल्ला. यादीत ‘लागेल-लागणार नाही’ हे रकाने खोडा. प्रत्येक वस्तूपुढे ‘कुणाच्या शब्दाखातर’ एवढंच लिहा आणि कागद घरात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. ट्रेडमिल आपसूक खाली उतरेल, पाटा चढेल, लेमन सेटला शेजारी गिऱ्हाईक सापडेल. टेम्पो अर्धा मोकळा राहील.

भाडं मात्र पूर्णच पडेल. ते आपण ठरवत नाही, तिथे टेम्पोवाल्याचा शब्द चालतो.