मोरेकाका

काकांचं खरं आडनाव आमच्या जिभेला झेपत नाही. स्वीडनमधले हे आमचे सहा फुटी, पेन्शनीतले शेजारी दिवसातून चाळीसदा ‘मोरा, मोरा’ करतात, म्हणून आम्ही घरात त्यांचं बारसं उरकून टाकलं: मोरेकाका.

मोरा हे डालार्ना प्रांतातलं गाव. त्याला लागून एस्टनोर. तिथं फ्रोस्त-एरिक एर्सन यांनी 1891 साली कारखाना काढला तो लाकडं वाहायच्या घसरगाड्यांचा. गाड्या इतिहासजमा झाल्या, तिथंच बनलेल्या लाल मुठीच्या सुऱ्या मात्र जगभर गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा काकांच्या भिंतीवर येऊन थांबल्या.

म्यानातली सुरी हाती आली की काका आधी तिची पत्रिका मांडतात. मूठ बर्चची? पिंपासारखी मधे फुगीर? मोरा. अर्धी मूठ म्यानात बुडालेली? फिनलंडची पुक्को. मुठीच्या टोकाला पितळी घोड्याचं डोकं? कौहावाचं घराणं. म्यानावर रेनडिअरच्या शिंगाची नक्षी? सामी लोकांची. मग भिंग काढून पात्यावरची पुसट रेघ शोधायची. मधे कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ लोखंड, त्यांच्या सांध्याची ती रेघ. ती दिसली की काकांना साखरपुडा झाल्यासारखं वाटतं.

शिक्क्याच्या बाबतीत मात्र ते कोणावर विश्वास ठेवत नाहीत. पात्यावर साल कोरलेलं दिसलं की नवखा माणूस हुरळतो. “अहो, ते बहुतेकदा कारखाना निघाला ते साल! सुरी कालपरवाची,” असं म्हणून काका त्याचा शंभर वर्षांचा आनंद एका वाक्यात काढून घेतात.

जुन्या बाजारात काका सुरीकडे बघतसुद्धा नाहीत. बघितलं की भाव चढतो. ते आधी शेजारच्या मेणबत्तीच्या स्टँडची चौकशी करतात, घासाघीस करतात, तो विकत घेतात आणि निघता निघता, “ही गंजकी सुरी पण टाका त्यात,” म्हणतात. त्यामुळे सुऱ्यांबद्दल काकूंची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्रेपन्न स्टँडांबद्दल. घरातली एक चालू सुरी त्यांनी शिवणाच्या डब्यात दडवलीय. नाहीतर तीही भिंतीवर चढायची आणि पाव हातानं तोडावा लागायचा.

परवा काकांना चहाला बोलावलं. सवयीनं त्यांनी चिवड्याची वाटी उलटी करून बघितली. चिवडा गालिच्यावर गेला, पण काकांचं तिकडे लक्ष कुठलं! वाटीच्या बुडाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं त्यांना सापडली होती.

“कारागीर कोण?”

“कारागीर नाही हो, आत्या. लग्नात दिलेली वाटी. खाली तारीख आहे, 12-5-87.”

“म्हणजे कारखाना निघाला ती तारीख?”

“नाही. वाटी दिली ती.”

काकांनी भिंग काढलं. तारीख वाचली, पुन्हा वाचली. मग चष्मा पुसत गंभीरपणे म्हणाले, “खरी तारीख! आमच्या एवढ्या सुऱ्यांत इतकं प्रामाणिक कोणी नाही.”

निघताना दारात क्षणभर घुटमळले. आमच्या चपलांच्या रॅककडे बघत, अगदी सहज विचारावं तसं म्हणाले, “हा रॅक केवढ्याला द्याल?”

मी वाटी कपाटात ठेवून कुलूप लावलं.