बोट हललं हो!

परवाच्या रविवारी आपल्या सर्वांच्या लाडक्या धाकट्या सूनबाईंचं बोट हललं. महाएपिसोड दोन तासांचा होता, विषय अवयवदान. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी फीत आणि खाली 'एक सामाजिक उपक्रम' अशी पट्टी. थोरल्या जावेने घडवून आणलेल्या अपघातात सूनबाईंच्या डोक्याला मार लागला होता, बुधवारपासून त्या व्हेंटिलेटरवर होत्या, शनिवारी डॉक्टरांनी त्यांना ब्रेन डेड ठरवलं होतं. रविवारी पहिल्या तासात सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावून संमतीच्या कागदावर सही केली. 'माझी सून आठ घरांत दिवा लावेल,' असं त्या म्हणाल्या तेव्हा आमच्या शेजारच्या घरातूनही हुंदका ऐकू आला. दुसऱ्या तासात स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचलं आणि बोट हललं. नवरा ओरडला, 'थांबा!' अवयवदान रद्द. जनजागृती संपन्न.

या बोटाला मी फार वर्षं ओळखतो. मालिका बदलतात, सुना बदलतात, बोट तेच. ते बहुधा डाव्या हाताचं असतं आणि अंगठीचं नसेल तर तर्जनी. ऑक्सिजन मोजायचा चिमटा त्याला कधीही लावलेला नसतो, तो शेजारच्या बोटाला असतो. कारण चिमटा लावला तर नेलपॉलिश झाकली जाईल. खऱ्या आयसीयूत ती आधी पुसून टाकतात, रंगामुळे चिमट्याचं माप चुकतं म्हणून. मालिकेत माप चुकलं तरी चालतं, रंग चुकता कामा नये. हे बोट आधी सुतभर हलतं. मग जाहिराती. जाहिराती झाल्या की तेच सुतभर पुन्हा हलतं, यावेळी छतावरून. मग खाटेच्या खालून, मग काळ्यापांढऱ्यात. प्रत्येक हालचालीनंतर घरातल्या एकेका माणसाचं तोंड जवळून दाखवतात, आणि घर एकत्र कुटुंबाचं असल्याने तोंडं संपता संपत नाहीत. थोरली जाऊ तेवढी घाम पुसते.

बोट हलवण्याचे उपचारही ठरलेले आहेत. कुलदेवतेचा अंगारा कपाळाला लावणे. बाळाला उशाशी आणून रडवणे. नवऱ्याचा अश्रू, जो इतक्या मोठ्या शरीरावर दुसरीकडे कुठेही न पडता नेमका त्या बोटावर पडतो. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खलनायिकेने खोलीत एकटीने येऊन, दार लावून, आपला संपूर्ण कट मोठ्याने बोलून दाखवणे. मेंदू गेला तरी कान शाबूत असतात यावर मालिकांच्या लेखकांची अढळ श्रद्धा आहे.

आता हे ब्रेन डेड ठरवलं कोणी, तर एका डॉक्टरने. हाच त्या गावातली बाळंतपणं करतो, डीएनएचे रिपोर्ट आणतो आणि स्मृती गेलेल्यांना 'ताण देऊ नका' म्हणून सांगतो. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा मात्र चार डॉक्टर मागतो. हा कायदा काही दिल्लीने आपल्यावर लादलेला नाही. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, तेव्हा संसदेने तो केला. त्यानुसार या चौघांत प्रत्यारोपण करणारा डॉक्टर चालत नाही. ते डोळ्यांत उजेड टाकून बाहुली आकसते का बघतात, बुबुळाला कापूस लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून ठसका येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छाती स्वतःहून एकदा तरी उचलते का याची वाट बघतात. हे सगळं झालं की किमान सहा तास थांबून पुन्हा पहिल्यापासून.

निर्मात्यांची अडचण मी समजू शकतो. सहा तास म्हणजे बावीस मिनिटांचे सोळा भाग, आणि ते नुसतं थांबण्याचे. शिवाय चार डॉक्टर आणले की चार डॉक्टरांच्या बायका आल्या. त्यांतली एक थोरल्या जावेची कॉलेजातली मैत्रीण निघणार, दुसरी सूनबाईंसारखीच दिसणारी निघणार. मग ब्रेन डेड नक्की कोण, हा प्रश्न गणपतीपर्यंत पुरणार. गणपतीत डॉक्टरांच्या घरचा गणपती दाखवावा लागणार, कारण मोदकांच्या तयार पिठाचा प्रायोजक आहे. कानात बर्फाचं पाणी सोडायचा प्रसंग आला की सासूबाई ते गंगेचं आहे का विचारणार, नाही म्हटल्यावर घरून तांब्या येणार, तांब्यात जाऊबाई काहीतरी मिसळणार, ते दीर बघणार आणि सांगायला धावत सुटणार, वाटेत त्याला ट्रक उडवणार. आता दीरही व्हेंटिलेटरवर. शेजारच्या खाटेवर दीर, इकडे वहिनी, मध्ये पडदा, आणि तपासायचे तेच चार डॉक्टर, ज्यांतले दोन आता एकमेकांशी बोलत नाहीत. दिवाळीत दोघांनाही एकदम ओवाळतील. नळी काढून छाती उचलते का बघण्याचा क्षण आषाढीला ठेवतील, म्हणजे बाहेरून टाळ-मृदंग ऐकू येईल. मग काय, छातीच काय, व्हेंटिलेटरसुद्धा स्वतःहून श्वास घेईल.

पण या चावटपणाला बळी पडतं कोण? ब्रेन डेड माणसाचं बोट खरोखरच हलू शकतं. मेंदू मेलेला असतो, मेंदूचा बुंधा मेलेला असतो, पण पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काही काळ आपल्या आपण झटके देतो. कधी बोट, कधी पायाचा अंगठा. क्वचित दोन्ही हात उचलले जाऊन छातीवर येतात. मेलेला पुन्हा जिवंत झाला अशी बायबलात ज्याची गोष्ट आहे, त्या लाझरसचं नाव डॉक्टरांनी या हालचालीला दिलं आहे. तिचा जिवंतपणाशी काही संबंध नाही. ती होते हे तपासणाऱ्यांना ठाऊक असतं, आणि ती होऊनही माणूस मेलेलाच असतो. हे आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मामांना कोणी सांगायचं? मामांनी बोट हललेलं पाहिलंय. मामांनी मॉनिटरही पाहिलाय, आणि त्यावरची रेषा उड्या मारतेय. मालिकेत माणूस मरतो तेव्हा रेषा सरळ होते आणि 'टीं' वाजतं. इथे यंत्र प्राणवायू पुरवतंय, हृदय त्यावर आपल्या तालात चाललंय, अंग कोमट आहे, छाती वरखाली होतेय, पिशवीत लघवी जमतेय. कुठेही 'टीं' नाही. आणि समोर एक समन्वयक मुलगी उभी आहे, समाजकार्यातली पदवी आणि भयंकर सहनशक्ती एवढ्या भांडवलावर. तिने आधी या लोकांना मृत्यू पटवायचा, तो पटला असं दिसलं तरच अवयवांचा विषय काढायचा. मामा तिला विचारतात, 'अहो, त्या मालिकेतली उठली ना?' यावर तिने काय उत्तर द्यावं? मामा चुकीचं काहीच बोलत नाहीत. ती खरंच उठली. पडद्यावर हिरवी फीत लावून उठली. 'दोन दिवस बघू' असं ठरतं, दोन दिवसांत रक्तदाब घसरत जातो, हृदय थांबतं, आणि अवयवांच्या प्रतीक्षायादीतल्या कोणाला काही मिळायचं ते माणसाबरोबरच जातं. मृत्यूनंतर अवयव देणारे आपल्या देशात वर्षाला दहा लाख लोकांमागे एकसुद्धा भरत नाहीत. स्पेनमध्ये हा आकडा चाळिसाच्या वर आहे. तिथली माणसं काही फार पुण्यवान आहेत असं नाही. तिथे निदान जनजागृतीच्या नावाखाली कोणी मेलेल्याला उठवत नसावं.

याहून वाईट एक गोष्ट आहे, आणि ती सुचली तेव्हापासून हसू आटलं आहे. ज्यांनी कधीतरी 'हो' म्हटलं, त्यांच्या घरीही टीव्ही असतो. मुलगा हेल्मेटशिवाय गेला. आईबापांनी रात्रभर विचार करून सही केली. त्याच्या मूत्रपिंडांवर कुठेतरी दोन माणसं जगताहेत. ती कोण, हे गोपनीयतेच्या नियमामुळे यांना कळत नाही, त्यामुळे दिलासा म्हणून त्यांच्यापाशी फक्त एक खात्री आहे: डॉक्टर म्हणाले तसा तो गेलेलाच होता. रविवारी रात्री जेवण झाल्यावर त्या आईसमोर स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी येतं, बोट हलतं, आणि डॉक्टर चष्मा काढून म्हणतो, 'आपण केवढी मोठी चूक करणार होतो!' हे वाक्य लिहिणाऱ्याला, ते मंजूर करणाऱ्याला आणि त्याखाली सामाजिक उपक्रमाची पट्टी सरकवणाऱ्याला त्या आईच्या समोरच्या खुर्चीत बसवून तो भाग पुन्हा बघायला लावला पाहिजे. जाहिरातींसकट.

वाहिनीच्या बाजूने सांगितलं जाईल की शेवटी नायिकेने हात जोडून प्रतिज्ञापत्र भरायचं आवाहन केलं होतं. केलं होतं खरं, उठल्यानंतर, पूर्ण मेकअपमध्ये. पण आपल्याकडे कार्ड भरून पाकिटात ठेवलं तरी वेळ आली की रुग्णालय जवळच्या नातेवाइकांनाच विचारतं. म्हणजे निर्णय होणार मामा, मावशी आणि आई यांच्या चर्चेतून, आणि ती तिघं रोज रात्री साडेआठला कुठे बसलेली असतात हे वाहिनीला नक्की माहीत आहे, त्याचेच ती पैसे घेते. नेमक्या ज्या माणसांना ही गोष्ट समजावी लागते ती आयती समोर बसलेली. एवढी सोय डॉक्टरांना नाही, सरकारला नाही, त्या समन्वयक मुलीला तर नाहीच नाही. या सोयीचा उपयोग काय केला, तर बोट हलवलं. सूनबाईंना मरू दिलं असतं तर टीआरपी घसरला असता म्हणतात. मग काकूंना मारा, कायम चहा घेऊन येणाऱ्या त्या काकूंना! त्यांच्या नावाने चार डॉक्टर येऊ देत, सहा तास जाऊ देत, बोट हलू दे आणि ते हललं तरी का थांबायचं नाही, हे कोणीतरी एका वाक्यात सांगू दे. सिगारेट पेटली की पडद्यावर इशारा येतो ना? बोट हललं की आणा.

पण सूनबाई जगल्या आहेत आणि पुढच्या महिन्याचा प्रोमोही आला आहे. सासूबाईंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. प्रोमोत सूनबाई देवघरासमोर उभ्या राहून म्हणतात, 'माझं घ्या.' इथे माझं जुनं दुखणं उफाळून येतं. या देशात 2018 ते 2023 या काळात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत शेकडा त्रेसष्टच्या आसपास बायका होत्या. घेणाऱ्यांत मात्र पुरुष कितीतरी जास्त. 2014 च्या अवयव प्रत्यारोपण नियमांना याची एवढी शंका आहे की देणारी बाई असेल तर अधिक खबरदारी घ्या, तिची संमती स्वतंत्र आहे ना याची खातरजमा अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्याकडून करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जिथे कायदा सावध होतो तिथे मालिका आरती सुरू करते.

बरं, कायद्याच्या यादीत सून ही सासूची 'जवळची नातेवाईक' नाहीच. तिला परवानगी देणाऱ्या समितीपुढे जाऊन, पैशांचा व्यवहार नाही, दबाव नाही, हे पटवून द्यावं लागेल. यादीत आहेत नवरा आणि मुलगे. म्हणजे सासरेबुवा, सूनबाईंचे यजमान आणि तो ट्रकखाली न आलेला दीर. रक्तगट जुळत नाही ही सबब 2011 च्या दुरुस्तीनंतर पुरत नाही, अशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करायला कायद्याने परवानगी दिली आहे. मालिकेच्या दिवाणखान्यात सोफ्यावर तीन धडधाकट पुरुष, म्हणजे सहा मूत्रपिंडं, वर्षानुवर्षं चहा पीत बसली आहेत. जनजागृती करायचीच असेल तर कोणीतरी त्यांना रक्तगट विचारा.