चंदीगडच्या आज्ञापत्रास अनावृत पत्र

श्रीमान आज्ञापत्र, मुक्काम चंदीगड, यांचे सेवेसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने आखलेल्या शहराची शिस्त पुढच्या पिढ्यांनी बिघडवू नये, म्हणून जो लेख सिद्ध करण्यात आला तो म्हणजे हे आज्ञापत्र; आणि शहरात किंवा त्याच्या उद्यानांत कोणाही व्यक्तीचा पुतळा उभारू नये, स्मरण करायचेच झाले तर योग्य जागी कांस्याची पाटी लावून करावे, असे त्यात बजावलेले आहे. चौकाचौकांत अश्वारूढ आणि अर्धाकृती पुतळे पाहत वाढलेल्या, सिमला-मनालीच्या वाटेवर चंदीगडला उतरलेल्या मराठी प्रवाशाला हे कलम ऐकून आधी धसका बसतो आणि मग हेवा वाटतो. मात्र इतका कडक राखणदार असलेल्या शहराच्या सेक्टर 1 मध्ये, विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांच्या संकुलाला, म्हणजेच कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला लागून, मूर्तींचे एक अख्खे राज्य विनापरवाना कसे वसले, याचा खुलासा आज्ञापत्राकडून झालेला नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रकरणाची हकीकत अशी की, फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या आपल्या गावातून आलेले नेक चंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते, आणि 1957 च्या सुमारास, कचेरी सुटल्यावर, सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलपट्ट्यात त्यांनी सायकलवरून दगड वाहून नेण्यास प्रारंभ केला. नवे शहर उभारताना वीसहून अधिक गावे उठवली गेली होती. त्यांच्या मोडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, जळलेल्या ट्यूबलाइट आणि मोडक्या सायकलींचे सांगाडे, असे जे जे आराखड्यात कुठेच बसत नव्हते, ते सारे त्या झाडीत जमा होत आणि मूर्तींत घडत गेले. तेथे बांधकामास मनाई असल्यामुळे कोणी फिरकत नव्हते, आणि कोणी फिरकत नसल्यामुळेच बांधकाम निर्वेध चालले. तेव्हा अतिक्रमणाला वर्षानुवर्षे संरक्षण दिल्याचे श्रेय मनाईच्या नियमाला द्यावे लागते.

1970 च्या दशकात हा प्रकार उघडकीस आल्यावर नियमाने पाहू जाता सर्व काही भुईसपाट व्हायला हवे होते. परंतु प्रशासनाने 1976 मध्ये ते ‘रॉक गार्डन’ म्हणून लोकांसाठी खुले केले, नेक चंद यांना त्याच कामावर पगारी नेमले आणि हाताखाली मजूर दिले. पुढे 1983 मध्ये या बागेचे टपाल तिकीट निघाले, 1984 मध्ये नेक चंद यांना पद्मश्री मिळाली. अतिक्रमण करणाऱ्यालाच अतिक्रमणाचा अधिकारी नेमण्याची ही पद्धत अन्य खात्यांनी उचलल्याचे ऐकिवात नाही.

तथापि आज्ञापत्राची बाजू अगदीच लंगडी नाही. त्याची हरकत व्यक्तींच्या पुतळ्यांना आहे, आणि या बागेत व्यक्ती म्हणून कोणीच नाही. बांगड्यांनी मढवलेल्या स्त्रियांची रांग जवळून पाहावी: आत लोखंडी सांगाडा, त्यावर सिमेंटचे अंग, आणि ते ओले असतानाच दाबून बसवलेले काचेचे तुकडे, ज्यांच्या हिरव्या-तांबड्या ओळी लुगड्याच्या पट्ट्यांसारख्या अंगभर उतरतात. अशा तुकड्यांच्या जडावाला मोझेक म्हणतात. एरवी ते महालांच्या भिंतींवर आढळते, येथे ते पाणवठ्यावरून आल्यासारख्या दिसणाऱ्या बायांच्या अंगावर आहे. त्या एकाच घडणीच्या वाटतात, पण एकीची मान किंचित कललेली, दुसरीचा खांदा जरा उतरलेला, आणि पायाशी नावाची पाटी नाही. कोण्या नेत्याचे वंशज आक्षेप घेणार नाहीत, जयंतीला हार घालावा लागणार नाही. पुतळाबंदीचे इतके काटेकोर पालन खुद्द आज्ञापत्राच्या कर्त्यालाही सुचले नसते.

त्या कर्त्याचे, म्हणजे ल कॉर्बुझिएचे ‘ओपन हँड’, म्हणजे वाऱ्याबरोबर फिरणारा धातूचा उघडा पंजा, सुमारे 26 मीटर उंचीचे आहे आणि लांबूनच पाहण्याजोगे आहे. ते ज्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्समध्ये उभे आहे, त्या सरळ रेषांच्या संकुलात माणूस ठिपक्याएवढा होतो. रॉक गार्डनची वाट मात्र वळणावळणाची, पुढचे दालन आधी न दाखवणारी, आणि तिच्या कमानी इतक्या ठेंगण्या की उंच अधिकाऱ्यालाही वाकावे लागते. शहर माणसाच्या मापाचे असावे, हे आज्ञापत्राचेच म्हणणे. ते माप कोठे नीट लागू पडले, हे मान खाली घालून आत शिरणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. (सहलीच्या व्यवस्थापकाने ‘अर्ध्या तासात बसपाशी’ अशी ताकीद दिलेल्या प्रवाशांना यातून वगळावे, ते बागेतल्या धबधब्यापाशी छायाचित्र काढून, सगळा भंगाराचाच माल आहे, असा निष्कर्ष घेऊन परततात, आणि तो वस्तुतः खराच आहे.)

आता थोडे गंभीर. 1990 मध्ये बागेतून रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिक मानवी साखळी करून आडवे उभे राहिले आणि बाग वाचली. 2025 मध्ये मात्र उच्च न्यायालयालगतचा रस्ता आणि वाहनतळ यांसाठी तिच्या भिंतीचा काही भाग, लोकांचा विरोध असतानाही, पाडण्यात आला. जे विनापरवाना उभे राहिले ते परवाना मिळाल्यावर अधिक असुरक्षित झाले, असा याचा अर्थ कोणी काढल्यास आज्ञापत्राने रागावू नये. नेक चंद 2015 मध्ये निवर्तले असल्यामुळे त्यांच्याकडून खुलासा मागवता येणार नाही. म्हणून माणसाच्या मापात मोटारीचे माप कोणत्या कलमान्वये धरले जाते, हे आज्ञापत्रानेच कळवावे. त्या बायांपैकी कोणाचे नाव सापडल्यास कांस्याची पाटी लावता येईल काय, याचे उत्तर सवडीने दिले तरी चालेल. भिंतीबाबतचे मात्र उलटटपाली धाडावे. लोभ असावा, ही विनंती.