घोट्याची पंचायत

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळाडू आडवा झाला, की गॅलरीतले निम्मे लोक हाडांचे डॉक्टर होतात आणि उरलेले पंच. पहिले म्हणतात, "लिगामेंट गेलं!" दुसरे म्हणतात, "नाटक करतंय!" कोण कुठल्या बाजूला हे जर्सीच्या रंगावरून ठरतं. पडलेल्याचा पाय तोवर कुणी पाहिलेलाही नसतो.

आमच्या तालमीच्या टीमबरोबर मी टचलाइनला बर्फाचा डबा आणि स्प्रे घेऊन बसायचो. पगार नाही, पण मान मोठा. रेफ्रीनं हात केला की भरल्या स्टेडियममधून पळत जायचं, गुडघ्यावर बसायचं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचं, "कुठं लागलं रं?" उत्तर ठरलेलं असायचं, "टाइम किती राहिलाय?" आम्ही एका गोलनं पुढं असलो, तर तो पाय आधी घोट्यात, मग पोटरीत, मग मांडीत दुखायचा. मागं असलो, तर माझा हात झटकून तो उठलेला असायचा. स्प्रे गवतावर पडायचा.

नियमांनीही या दुखण्यात भर घातली आहे. मैदानात उपचार घेतले की खेळाडूला बाहेर जावं लागतं. मात्र मारणाऱ्याला कार्ड मिळालं असेल आणि उपचार झटपट उरकले, तर थांबता येतं. म्हणजे रेफ्रीच्या खिशातून पिवळं कार्ड निघालं की आपला गडी लवकर बरा होतो. हे औषध माझ्या डब्यात कधीच नव्हतं.

खरी तपासणी सुरू होते ती मॅचनंतर. एका सीझनला सेमीफायनल तोंडावर असताना आमच्या फॉरवर्डला मागून असा टॅकल बसला, की घोटा संध्याकाळपर्यंत टम्म सुजला. रात्री त्याच्या घरी बैठक भरली. मंडळाचे अध्यक्ष, कोच, दोन माजी खेळाडू, एक पायासूपवाले मामा. कोच म्हणाले, "सूज म्हणजे चांगलं लक्षण, मार बाहेर आला." मामांनी सूपाचा डबा उघडला. "मिरजेला नेऊया," असं कुणीतरी म्हणालं. आमच्याकडं प्रकरण गंभीर आहे हे सांगायची ती पद्धत. शेवटी गल्लीतल्याच डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी घोट्याच्या दोन्ही गाठींच्या मागच्या कडा दाबल्या, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड दाबलं आणि म्हणाले, "चार पावलं चालून दाखव."

ही चार पावलं डॉक्टरांच्या मनची नव्हेत. कॅनडातल्या ओटावा शहरात 1992 साली डॉक्टरांनी घोट्यासाठी साधे नियम बसवले: ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखत नसेल आणि माणूस चार पावलं टाकत असेल, तर बहुधा एक्स-रेची गरज नाही. लंगडत टाकली तरी चालतात. आमचा गडी लंगडत पाच टाकून आला. अध्यक्षांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "फिट!" डॉक्टर म्हणाले, "अहो, एक्स-रे नको म्हणालो. खेळ म्हणालो नाही." पण तोवर खाली फटाका वाजला होता.

खेळायला लायक ठरवायची परीक्षा वेगळी असते. आधी सरळ पळायचं, मग नागमोडी, मग अचानक थांबून वळायचं, एका पायावर उड्या मारायच्या आणि दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाशी ताडून बघायची. आमच्या फॉरवर्डनं शनिवारी सकाळी सुंदर उड्या मारल्या, चांगल्या पायावर. कोचनी पास केलं. मग त्याच्या आईनं बूट माळ्यावर टाकून शिडी शेजारी देऊन टाकली. एवढ्या तपासण्यांत तीच एक निर्णायक ठरली.

खेळाडूला स्वतःला विचारू नये, हे माझं ठाम मत आहे. 1956 च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमान याच्या मानेवर सतरा मिनिटं उरली असताना समोरच्याचा गुडघा बसला. बदली खेळाडू तेव्हा नसायचा. तो मान धरून खेळत राहिला, आणखी गोल वाचवले, कप जिंकला. काही दिवसांनी एक्स-रे काढला, तर मान मोडलेली! विचारलं असतं तर तोही "काय नाही हो" म्हणाला असता.

मात्र पंचायत भरवावी तर इंग्रजांनी. एप्रिल 2002 मध्ये डेपोर्तिव्हो क्लबच्या ड्यूशरनं डेव्हिड बेकहमला टॅकल केला आणि डाव्या पावलातलं एक हाड मोडलं. वर्ल्ड कप दीड-दोन महिन्यांवर. ड्यूशर अर्जेंटिनाचा, आणि इंग्लंडच्या गटात अर्जेंटिना. गॅलरीला आणखी काय हवं? 'द सन'नं त्या पायाचा फोटो छापून वाचकांना त्यावर हात ठेवायला सांगितलं. चमचे वाकवणारा युरी गेलर टीव्हीवर देशाची शक्ती त्या पायाकडं वळवू लागला. पंतप्रधान ब्लेअर यांनीही चिंता व्यक्त केली. आमच्या बैठकीत निदान डॉक्टर तरी होते.

बेकहम वर्ल्ड कप खेळला, अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर गोल मारला. पुढं ब्राझीलविरुद्ध टचलाइनजवळ दोन ब्राझिलियन घसरत आले, तेव्हा त्यानं पाय वाचवून उडी मारली. त्याच चालीत रिव्हाल्डोनं बरोबरी साधली आणि इंग्लंड शेवटी हरलं. पाय पूर्ण बरा नव्हता, असं मग सगळ्यांनाच आधीपासून माहीत होतं.

त्याच एप्रिलमध्ये, बेकहमच्याच मँचेस्टर युनायटेडच्या गॅरी नेव्हिलच्याही पावलातलं हाड मोडलं होतं. त्याच्या पायाचा फोटो असा कुणी देशाला हात ठेवायला दिला नाही. त्याचा वर्ल्ड कप हुकला. पण हाड मात्र व्यवस्थित जुळलं आणि पुढची कितीतरी वर्षं तो त्याच पायावर खेळला.