थोडक्यात निभावलं

ऑगस्टमधल्या एका वादळी रात्री, पावणेतीन वाजता, आमच्या छपरावर शेजाऱ्याचं झाड पडलं. अख्खं झाड नव्हे, ओकची एक फांदी. पण न्यू जर्सीतल्या ओकची फांदी म्हणजे आपल्याकडचा शेवगा मुळासकट. धाडकन आवाज झाला आणि पाहुण्यांच्या खोलीतून माझे सासरे, नाना, कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. म्हणाले, "जावईबापू, वर कुणीतरी आलंय."

सांगलीला फोन केला. आई म्हणाली, "माणसं धड आहेत ना? थोडक्यात निभावलं म्हणायचं. देवापुढे साखर ठेव."

साखर ठेवली. मुंग्या लागायच्या आतच मला कळलं, की घराच्या विम्यात थोडक्यात निभावणं हीच मोठी आपत्ती असते.

सकाळी शेजारी आला. डोळ्यांत पश्चात्ताप, एका हातात बनाना ब्रेड, दुसऱ्या हातात यांत्रिक करवत. त्याने फांदीचे तुकडे केले आणि थंडीत शेकोटीला होतील म्हणून स्वतःच्या घरी नेले. झाड त्याचं, लाकूड त्याचं, भोक माझं. "आता याचा विमा आपल्याला पैसे देईल," असं नाना म्हणाले, तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पण इथला न्याय वेगळा. निरोगी झाड वादळात पडलं तर तो निसर्गाचा खेळ. ज्याच्या घरावर पडलं त्याने आपल्या विम्याकडे जायचं. झाड वाळलंय, धोकादायक आहे असं शेजाऱ्याला आधी लेखी कळवलं असेल आणि तरी तो ढिम्म बसला असेल, तर गोष्ट निराळी. मी त्याला आजवर एकच गोष्ट लेखी कळवली होती: दिवाळीच्या फराळाचं आमंत्रण.

मग छप्परवाला आला. शिडीवरून त्याने बरीच छायाचित्रं काढली, भोकावर निळी ताडपत्री ठोकली आणि शिंगल्स, खालची फळी, वाकलेलं गटर मिळून आकडा सांगितला: 2,300 डॉलर. मग हलक्या आवाजात विचारलं, "क्लेम करणार?" लग्नाच्या मुलीला पहिलं स्थळ आलं की मामा विचारतात ना, "मग? पुढे जायचं का?" तसं.

नाना एलआयसीतून निवृत्त झालेत. दोन हातांच्या ओंजळीत तेवणारी ज्योत हे बोधचिन्ह ते अजून खिशाला पिन म्हणून लावतात. विमा म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला, जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला केली आणि पॉलिसीची अठ्ठेचाळीस पानं पसरली.

"हे डिडक्टिबल काय?"

"नुकसानातले पहिले हजार डॉलर आपण सोसायचे. पुढचे कंपनी देते."

"म्हणजे आधी थोडं आपल्या खर्चाने मरायचं, मग उरलेल्या मरणाचे पैसे मिळणार!"

त्यांनी कागदावर 2,300 मधून हजार वजा केले. 1,300. चेहरा खुलला. तेवढ्यात बायकोला एकतिसाव्या पानावर बारीक अक्षर सापडलं: छपराची भरपाई आजच्या किमतीने, म्हणजे घसारा वजा करून. आमच्या शिंगल्सचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यातली दहा सरलेली. 2,300 चे झाले 1,150. त्यातून हजार गेले.

"एकशे पन्नास," नाना म्हणाले. "यात ताडपत्री तरी येते का?"

आणखी एक कलम निघालं. नुकसान वाढू नये म्हणून मालकाने ताबडतोब उपाय करायलाच हवा. नानांनी चष्मा काढला. "म्हणजे भोक मोठं होऊ द्यायचं नाही, आणि लहान भोकाला पैसे मिळायचे नाहीत!"

तरीही हक्क तो हक्क. मी एजंटला फोन लावला. पण नुसती चौकशी केली तरी नोंद होऊ शकते असं ऑफिसातल्या एका तेलुगू मित्राने बजावलेलं. म्हणून मी म्हटलं, "समजा, एका माणसाच्या छपरावर एक फांदी पडली..." एजंट अनुभवी. तो म्हणाला, "त्या माणसाला सांगा, नीट विचार कर."

मग त्याने 'क्लू' समजावला. इथे घरावरचे क्लेम एका सामायिक खात्यात नोंदले जातात आणि सात वर्षं तिथे राहतात. कंपनी बदलली तरी नवी कंपनी ते बघू शकते. छदाम न मिळता बंद झालेला क्लेमसुद्धा तिथे दिसू शकतो. एक झाला तर सवलत जाऊ शकते, दुसरा झाला तर हप्ता चढतो, आणि कधी कधी कंपनी पुढच्या वर्षी नमस्कार करते.

"सात वर्षं?" नाना म्हणाले. "शनिमहाराज सहा महिने जास्त घेतात, पण त्यांना शनिवारी तेल तरी वाहता येतं." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "आमच्या धंद्यात क्लेम झाल्यावर त्या माणसाचा हप्ता वाढलेला मी कधी पाहिला नाही."

इकडे पाहुण्यांच्या खोलीत, नानांच्या बिछान्यावर, छताला ओल आली होती. पहिल्या दिवशी नुसती कोकण किनारपट्टी. दुसऱ्या दिवशी घाट ओलांडून देश आणि मराठवाडा. तिसऱ्या दिवशी पूर्वेला एक मोठा डाग उमटला, पण मूळ डागाला येऊन मिळेना. "विदर्भ वेगळा राहतोय," नाना उशीवरून म्हणाले. "निर्णय लवकर घ्या."

निर्णय घ्यायला छप्परवाल्यानेच मदत केली. त्याने सँडीची गोष्ट सांगितली. 29 ऑक्टोबर 2012 ला ते वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं, पण आदळायच्या थोडं आधी हवामान खात्याने जाहीर केलं, की हे आता हरिकेन राहिलेलं नाही. बिचाऱ्याची ऐन कामावर पदावनती! पण हरिकेन असेल तर डिडक्टिबल घराच्या विमा रकमेच्या टक्क्यात मोजतात. पाच लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे दहा हजार डॉलर. गव्हर्नरने सांगून टाकलं, की हरिकेन नाही तर तो डिडक्टिबलही नाही. वारा तोच, लाटा त्याच, पण हुद्दा उतरला म्हणून लोकांचे पैसे वाचले. ज्यांच्या घरात समुद्र शिरला त्यांचं काय, तर पूर घराच्या विम्यात धरतच नाहीत, त्याची पॉलिसी वेगळी. पाणी वरून, भोकातून आलं तर विचार होतो. खालून, जमिनीवरून आलं तर नाही.

"तुमचं पाणी वरून आलंय," तो माझी समजूत घालत म्हणाला. "फक्त कमी आलंय."

मी चेक लिहिला, स्वतःच्या खात्यातून. पॉलिसीचे कागद बायकोने कपाटात वरच्या खणात ठेवले, तिच्या पैठणीशेजारी. दोन्ही वस्तूंना भरपूर पैसे मोजलेत, दोन्ही वापरल्या की खराब होतील अशी भीती, आणि दोन्हींना वर्षातून एकदा ऊन दाखवतात: पैठणीला गॅलरीत, पॉलिसीला हप्त्याच्या दिवशी.

ऑक्टोबरात नाना परत निघायच्या आठवड्यात पुन्हा वादळाचा इशारा आला. खिडकीतून शेजाऱ्याच्या ओकची उरलेली फांदी दिसत होती. पहिलीपेक्षा जाड, आणि नेमकी आमच्याच बाजूला झुकलेली. नाना देवापुढे उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले. "देवा, थोडक्यात निभाव रे बाबा."

मी साखरेची वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "नाना, थोडक्यात म्हणजे किती डॉलर, तेवढं त्याला नीट सांगा."